बीटा पेशींच्या दारातले निरोप

टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवरच उलटते. इन्सुलिन बनवणाऱ्या या पेशी बेटांसारख्या पुंजक्यांत असतात. पॉल लांगरहान्स याने १८६९ मध्ये ही बेटे प्रथम नोंदवली. माणसाच्या स्वादुपिंडात ती सुमारे दहा लाख असली, तरी त्या सगळ्यांचे वजन सोनाराच्या तराजूत जेमतेम एक-दोन मासे भरेल. हातकणंगल्यासारख्या उसाच्या तालुक्यात मुलाला ‘शुगर’ निघाली की बोट आधी गोड खाण्याकडे जाते. पण हा आजार साखर खाल्ल्याने होत नाही. त्याची सुरुवात या बेटांवरच्या हल्ल्यापासून होते.

बेटांत शिरलेल्या पांढऱ्या पेशी एकमेकींना आणि आजूबाजूच्या पेशींना प्रथिनांमार्फत निरोप धाडतात. या प्रथिनांना साइटोकाइन म्हणतात. इंटरल्यूकिन-१ बीटा, टीएनएफ-अल्फा आणि इंटरफेरॉन-गॅमा ही त्यांतली मुख्य नावे. इंटरल्यूकिन-१ वेगळ्या काढलेल्या बेटांना घातक ठरते, हे डेन्मार्कच्या संशोधकांनी १९८६ मध्ये दाखवले. उंदीरवर्गीय प्राण्यांच्या बेटांवरच्या प्रयोगांत त्याची वाट पावलोपावली उलगडली आहे. निरोप पोचताच पेशीच्या आत एनएफ-कप्पा-बी नावाची कळ दाबली जाते आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होऊ लागते. हा वायू पेशीची ऊर्जानिर्मिती मंदावतो. मग साखर वाढली तरी इन्सुलिन सुटत नाही. बीटा पेशीत कॅटालेजसारखी संरक्षक विकरे मुळातच तुटपुंजी, म्हणून ती लवकर खचते. मात्र खचणे म्हणजे मरणे नव्हे. मारा वेळेत थांबला, तर पेशी पुन्हा कामाला लागू शकते.

इंटरफेरॉनचा परिणाम आणखी क्लेशकारक आहे. त्यामुळे बीटा पेशी स्वतःच्या प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर अधिक ठळकपणे मांडते, शिवाय सीएक्ससीएल-१० हा रेणू सोडून आणखी टी-पेशींना, म्हणजे हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, बोलावून घेते. मारेकऱ्याला घरचा पत्ता घरातूनच मिळतो.

इन्सुलिनची इंजेक्शने सुरू झाल्यावर उरलेल्या पेशींना विसावा मिळतो आणि काही महिने डोस बराच कमी लागतो. एखाद्या काढ्याने गुण आला, असे घरच्यांना नेमके याच काळात वाटते. पण आतला हल्ला चालूच असतो. तेव्हा इन्सुलिन बंद केले, तर मूल कीटोअॅसिडोसिसमध्ये (रक्त आम्लधर्मी होण्याच्या अवस्थेत) जाऊन दगावू शकते.

हा हल्ला औषधांनी थोपवताना नुसते इंटरल्यूकिन-१ अडवून भागले नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्या निष्फळ ठरल्या. टीएनएफ रोखणाऱ्या गोलिमुमॅबने (२०२०) आणि साइटोकाइनचा निरोप पेशीच्या आतच अडवणाऱ्या बॅरिसिटिनिबने (२०२३) मात्र नव्या रुग्णांतली इन्सुलिननिर्मिती काही काळ टिकवून धरली. टी-पेशींना आवरणाऱ्या टेप्लिझुमॅबला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ते आजाराचे आगमन सुमारे दोन वर्षे लांबवते.

ही औषधे बीटा पेशी शिल्लक असेपर्यंतच उपयोगी, म्हणून निदान लवकर आणि अचूक हवे. भारतात तरुण रुग्णाला टाइप १ आहे की टाइप २, हा घोळ वारंवार होतो. पुण्याचे केईएम रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी आणि ब्रिटनचे एक्सेटर विद्यापीठ यांनी २०२० मध्ये याच प्रश्नावर अभ्यास प्रसिद्ध केला. पुण्यातल्या टाइप १ च्या २६२ रुग्णांची जनुके त्यात तपासली होती. युरोपीय लोकांवरून बेतलेला जनुकीय गुणांक भारतीयांतही हे दोन प्रकार वेगळे ओळखू शकतो, असे त्यातून दिसले.