पोपटाला मिरची लागत नाही, मग आपल्यालाच का आवडते?

(एपिसोडचं लेखी रूप. बोलण्यातले 'म्हणजे', 'अॅक्च्युअली' शक्य तितके काढलेत. उरलेले गोड मानून घ्या.)

आज सुरुवात एका कबुलीने.

मी परळचा. नोकरीसाठी तीन वर्षं जर्मनीत होतो आणि गेल्या वर्षी मार्चमध्ये परत आलो. पहिल्याच रविवारी आईने कोंबडी-वडे केले. पहिला घास छान, दुसरा बरा. तिसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी आणि हातात पाण्याचा तांब्या. ज्या मसाल्यावर मी लहानाचा मोठा झालो, तोच मसाला! बाबा पोट धरून हसले. आई मात्र हसली नाही. पुढच्या रविवारी ओट्यावर एक छोटं पातेलं वेगळं दिसलं. "तुझ्यासाठी फिकं काढलंय रे," ती म्हणाली.

आमच्या घरात असं पातेलं दोघांसाठीच निघतं, तान्ह्या पोरांसाठी आणि पाहुण्यांसाठी. खरं सांगतो, मिरचीपेक्षा ते पातेलंच मला जास्त झोंबलं.

मग मी वाचायला बसलो. मसाला तोच, जीभ तीच, तर बदललं काय? आणि त्याहून मोठा प्रश्न असा की जी गोष्ट खाल्ल्यावर तोंडाची आग होते, ती आपण मुळात खातोच का?

जीभ भाजलेली नसते

मिरची खाल्ल्यावर आपण काय म्हणतो? 'तोंड भाजलं', 'नुसता जाळ आहे'. गरम चहा घाईत प्यायलो तरी म्हणतो, 'तोंड भाजलं'. दोन्हीला शब्द एकच, आणि गंमत म्हणजे शरीरही दोन्हीला एकच यंत्रणा वापरतं.

मिरचीत कॅप्सायसिन नावाचं रसायन असतं. आपल्या जिभेतल्या, त्वचेतल्या वेदनेच्या नसांवर टीआरपीव्ही-१ नावाचं एक छोटं दार असतं. त्याचं खरं काम उष्णता ओळखणं. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर तापमान गेलं की ते उघडतं आणि मेंदूला निरोप जातो, 'भाजतंय, मागे हो.' कॅप्सायसिन त्याच दाराला चिकटतं आणि तापमान वाढलेलं नसतानाही ते उघडतं. हे दार १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने शोधलं, आणि ते शोधायला त्यांनी मिरचीतलं कॅप्सायसिनच वापरलं. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळालं.

म्हणजे मिरचीने जीभ प्रत्यक्षात भाजत नाही. आग नाही, पण अलार्म वाजतोय. आमच्या भाषेत याला फॉल्स अलर्ट म्हणतात.

वडापावसोबतची तळलेली मिरची खाऊन वर कटिंग मारलीत, तर चहा नेहमीपेक्षा जास्त गरम का लागतो, त्याचंही उत्तर इथेच आहे. दार आधीच अर्धवट उघडलेलं असतं, थोड्याशा उष्णतेनेही ते सताड उघडतं. आणि पाण्याने आग विझत नाही, कारण कॅप्सायसिन पाण्यात नीट विरघळत नाही. माझा तांब्या फुकट गेला तो त्यामुळे. दूध किंवा दही घ्या, फरक पडतो.

आणखी एक गैरसमज जाता जाता: तिखटपणा बियांमध्ये नसतो. बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात, तो गाभा तिखट असतो. बियांना त्याचा फक्त हात लागलेला असतो.

मिठू मिठू पोपट

आता झाडाच्या बाजूने बघू. पिंजऱ्यातल्या पोपटाला हिरवी मिरची देताना आपण सगळ्यांनी पाहिलंय. तो मजेत कुरतडतो. त्याला लागत कशी नाही?

पक्ष्यांकडेही हेच दार असतं, पण त्याची घडण जराशी वेगळी आहे. कॅप्सायसिनने ते उघडत नाही. पोपटाला मिरची म्हणजे नुसतं फळ.

झाडाला हेच हवं असतं. आपण सस्तन प्राणी दाढांनी चावतो, त्यात बिया चिरडतात. पक्षी फळ गिळतो, बिया पोटातून शाबूत बाहेर पडतात आणि भलतीकडेच रुजतात. २००१ मध्ये ट्यूक्सबरी आणि नाभान या शास्त्रज्ञांनी जंगली मिरचीवर प्रयोग करून हे दाखवलं की तिखटपणा उंदरांसारख्या प्राण्यांना दूर ठेवतो आणि पक्ष्यांना अडवत नाही. पुढे २००८ मध्ये बोलिव्हियातल्या जंगली मिरच्यांवर काम करताना ट्यूक्सबरींच्या टीमला आणखी एक कारण सापडलं. किड्यांनी फळाला भोक पाडलं की आत बुरशी शिरते आणि बिया मरतात. कॅप्सायसिन त्या बुरशीला रोखतं.

जंगली मिरची असते इवलीशी, लालभडक, आकाशाकडे तोंड करून उभी आणि पिकली की सहज तुटणारी. थोडक्यात पक्ष्यांसाठी लावलेली पाटी. आणि आपल्यासाठी 'प्रवेश बंद'.

प्रवेश बंद असूनही आपण घुसलो

मेक्सिकोत माणसाने सहा हजारांहून जास्त वर्षांपूर्वी मिरची लावायला सुरुवात केली. आपल्याकडे ती यायला फार उशीर झाला. मिरीच्या शोधात निघालेला कोलंबस १४९२ मध्ये कॅरिबियन बेटांवर पोहोचला, तिथे त्याला मिरची भेटली. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं आणि सोळाव्या शतकात त्यांच्या जहाजांतून मिरची आपल्या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपला तिखटपणा यायचा मिरी, पिंपळी, आलं, मोहरीतून. नाव बघा ना, 'मिरी'वरूनच 'मिरची' झालं.

मिरचीने मिरीला मागे टाकलं कसं? मिरीच्या वेलाला भरपूर पाऊस लागतो, आणि मिरी महाग. मिरची परसात येते, कोरड्या रानात येते, चाळीच्या गॅलरीत तेलाच्या डब्यातही येते. कोरड्या भाकरीला ठेच्याने चव आणायला पैसे लागत नाहीत. पाचशे वर्षांत ही परदेशी पाहुणी इतकी घरची झाली की दृष्ट काढायला तीच लागते आणि दुकानाच्या दारात लिंबासोबत तीच टांगली जाते. आज वाळलेल्या मिरचीच्या उत्पादनात भारत जगात पहिला आहे.

पण आवडते का?

स्वस्त आहे म्हणून खातो, हे पटलं. पण आवडते का?

एक उत्तर तुम्ही ऐकलं असेल: गरम प्रदेशात अन्न लवकर खराब होतं, मसाले जंतू मारतात, म्हणून तिकडे तिखट खातात. १९९८ मध्ये ही कल्पना गाजली. पण २०२१ मध्ये ७० खाद्यपरंपरांमधल्या ३३,७५० पाककृती तपासल्या गेल्या, तेव्हा तापमानाने मसाल्यांच्या वापरातला फरक समजावता आला नाही. जंतूंचं कारणही जुळलं नाही. संबंध दिसला तो गरिबी आणि आरोग्याशी.

मला सगळ्यात पटलेलं उत्तर मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांचं आहे. १९८० च्या सुमारास त्यांनी मेक्सिकोतल्या एका गावात पाहिलं की कुत्री आणि डुकरं रोज उष्टं, मिरची लागलेलं अन्न खातात, पण निवड दिली तर बिनतिखट उचलतात. त्याच गावातली पोरं मात्र पाच-सहा वर्षांची झाली की हळूहळू स्वतःहून तिखट मागतात. कोणी जबरदस्ती करत नाही. ताटात रोज थोडं असतं आणि मोठी माणसं ते आवडीने खाताना दिसतात, एवढंच.

रोझिन म्हणतात, हा सुरक्षित धोक्याचा आनंद आहे. उंच पाळण्यात बसलो की पोटात गोळा येतो, पण आपण पडणार नाही हे माहीत असतं. शरीर ओरडतं 'धोका', मेंदू म्हणतो 'काही होत नाही रे', आणि त्या दोघांच्या मधल्या फटीत मजा असते. अलार्म खोटा आहे हे कळण्याची मजा.

आता मुद्दा असा, की तो खोटा आहे हे आपल्याला सांगतं कोण? जन्मतः कोणालाच मिरची आवडत नाही. ते सांगतं आपलं ताट. आईने वरण-भातात बोटभर कालवलेला रस्सा, समोर बसून 'हाऽऽ हूऽऽ' करत परत मागून घेणारे काका. तिखटाची आवड आपण आपल्या माणसांच्या भरवशावर शिकतो.

आणि शिकलेलं विसरतंही. कॅप्सायसिन पुन्हा पुन्हा मिळालं की त्या नसा हळूहळू बधिर होतात. याच गुणामुळे वेदनाशामक मलमांत आणि पट्ट्यांत ते वापरतात. पण रोजचं खाणं सुटलं की नसा पुन्हा ताज्या होतात. माझं तेच झालं होतं. मी बिघडलो नव्हतो, फक्त सवय गेली होती.

लालबागच्या गल्लीत

एप्रिलमध्ये वर्षाचा मसाला करायला आई लालबागच्या बाजारात निघाली, मी पिशव्या उचलायला गेलो. पावसाच्या आत मिरच्या वाळवून, भाजून, कुटून घ्यायच्या असतात, त्यामुळे त्या दिवसांत तिथे शिरलं की आधी ठसका लागतो, मग दुकानं दिसतात. रंगासाठी बेडगी, चवीला संकेश्वरी, जाळाला पांडी. बेडगी गडद लाल, पण स्वभावाने मवाळ. हे वेगवेगळे वाण माणसानेच निवडून निवडून वाढवलेत. झाडाने जे हत्यार म्हणून बनवलं, त्याचं आपण प्रमाण ठरवतो.

आई दुकानदारांना म्हणाली, "काका, यंदा पांडी निम्मी करा. मुलाला सोसत नाही."

मी म्हटलं, "नको काका. नेहमीचंच प्रमाण ठेवा."

आईने माझ्याकडे बघितलं. "खाशील?"

"खाईन हळूहळू."

मग मी तेच केलं जे पाचव्या वर्षी केलं होतं. छोट्या पातेल्यात मोठ्या पातेल्यातला एक चमचा, मग दोन, मग अर्धं-अर्धं. गणपतीपर्यंत छोटं पातेलं मांडणीवर परत गेलं. कोणी काही बोललं नाही, पण त्या रविवारी आईने मला न विचारता रस्सा वाढला.

एक सूचना. अॅसिडिटी किंवा पोटाचा त्रास असेल तर हे करू नका. आणि रीलसाठी जगातली सर्वात तिखट मिरची खायच्या चॅलेंजच्या नादी कोणीच लागू नका. भरवसा हळूहळू बसतो, एका घासात नाही.

झाडाने मिरची पक्ष्यांसाठी बनवली, बिया लांब जाव्यात म्हणून. ज्या प्राण्याला ती हाकलत होती, त्यानेच तिला जहाजात घालून गोव्याला आणलं, लालबागला आणलं आणि डब्यात भरून जर्मनीला पाठवलं. पोपटाला एवढं जमलं नसतं.

तुम्हाला आजचा गृहपाठ: तुमच्या घरच्या मसाल्यात कोणती मिरची किती, हे आई-आजीला विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. बहुतेक घरांत ते प्रमाण कुठेच लिहिलेलं नसतं. आमच्याकडेही नव्हतं. व्हॉइस नोट मलाही पाठवा, पुढच्या भागात ऐकवू.

तोवर, हातावर मिरची असेल तर डोळे चोळू नका. भेटूया!