जुना कॅमेरा, नवा मोह : अपग्रेड करू की नको?

पहाटे साडेचारला दादरच्या फूलबाजारात कधी गेलायत? नसाल तर एकदा जाच. झेंडूचे ढीग, ओल्या गोणपाटाचा वास, डोक्यावर पाटी घेऊन 'बाजू, बाजू' ओरडत अंगावर येणारे हमाल. दोन महिन्यांपूर्वी एका लेखासाठी मी तिथे गेले होते. लेख माझा आणि फोटोही माझेच, असं ठरलं होतं. दीडेकशे फोटो काढले. ऑफिसला येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडले आणि पोटात गोळाच आला. बरेचसे हललेले, काहींचा फोकस भलतीकडेच, आणि एका हमालाचा काळा टी-शर्ट चक्क जांभळा!

लेख छापून आला. खाली माझं नावही आलं. फोटो मात्र दुसऱ्याचा होता.

त्या दिवशी लोकलमध्ये डोक्यात एकच गोष्ट घोळत होती : बस्स, आता कॅमेरा बदलायचा. मास कॉमची डिग्री झालीय, इंटर्नशिप संपायला थोडेच महिने उरलेत, आणि 'हिला फोटो जमत नाहीत' असा शिक्का मला परवडणारा नव्हता.

तुमच्याकडेही अशी एखादी वस्तू असेल. बाइक, गिटार, लॅपटॉप. चालते, पण 'अजून हेच वापरतेस?' असं कुणी विचारलं की आपलंच मन डळमळतं. माझ्याकडे ती वस्तू म्हणजे लायका एम८. मामा जर्मनीत नोकरीला होता तेव्हा त्यानं सेकंडहँड घेतलेला. सोबत ३५ मिमीची, एफ/२.५ची एक छोटीशी लेन्स. बारावीनंतर त्यानं तो माझ्या हातात दिला. परवा फोनवर म्हणाला, "विकायचा तर खुशाल वीक गं. मला वाईट नाही वाटणार." माझ्या खात्यात साठवलेले ४० हजार आहेत, पण ते पुढच्या कोर्सच्या फीसाठी. म्हणजे कॅमेरा घेतला तर फी बोंबलणार आणि नाही घेतला तर काम. आता बोला!

हे प्रकरण आहे तरी काय?

आपल्या नेहमीच्या कॅमेऱ्यात जे लेन्सला दिसतं तेच आपल्याला दिसतं. रेंजफाइंडरचं तसं नसतं. त्याला वरच्या बाजूला स्वतंत्र काचेची खिडकी असते. तिच्या मधोमध एक छोटा उजळ चौकोन असतो आणि त्यात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्स फिरवून त्या एकमेकींवर आणल्या की फोकस झाला. ऑटोफोकस वगैरे लाड नाहीत. पण एक मजा आहे. खिडकीत फ्रेमच्या रेषांच्या बाहेरचंही दिसतं. हमाल फ्रेममध्ये शिरायच्या आधीच तो येतोय हे कळतं. रस्त्यावर फोटो काढणाऱ्यांना याच गोष्टीचं वेड लागतं.

पहिला डिजिटल रेंजफाइंडर लायकाचा नव्हता बरं का. तो २००४ साली आला, एप्सनचा आर-डी१. लायकाचा एम८ आला २००६ मध्ये. सेन्सर १०.३ मेगापिक्सेलचा आणि फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान, त्यामुळे त्यावर ३५ची लेन्स साधारण ४७सारखी दिसते. बॅटरी किंवा कार्ड काढायचं तर कॅमेऱ्याचा अख्खा तळ उघडावा लागतो. भर गर्दीत ते झाकण दातात धरून मी कार्ड बदललंय!

रिजेक्ट फोटोंचं पोस्टमॉर्टेम

पैसे खर्च करण्याआधी मी एकच शहाणपणाचं काम केलं. फसलेले फोटो डिलीट न करता त्यांचे तीन गठ्ठे केले : फोकस चुकलेले, रंग बिघडलेले आणि हललेले. मग प्रत्येक गठ्ठ्याला विचारलं, चूक कुणाची? माझी की कॅमेऱ्याची?

फोकसवाला गठ्ठा घेऊन मी फोर्टातल्या बोरा बाजारात गेले. तिथे कॅमेरे दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी फोटो बघितलेही नाहीत. म्हणाले, "लेन्स अनंतावर लावा आणि त्या लांबच्या टॉवरकडे बघा. दोन टॉवर दिसतात की एक?" दोन दिसत होते. अनंतावर दोन्ही प्रतिमा एकमेकींवर तंतोतंत बसायला हव्यात. बसत नसतील तर रेंजफाइंडरची जुळणी हललेली असते. मला आठवलं, महिनाभरापूर्वी ट्रेनमध्ये बॅग रॅकवरून पडली होती. "कॅमेरा म्हातारा नाही झालाय," काका म्हणाले, "त्याला धक्का बसलाय." दोन दिवसांत जुळणी करून मिळाली. खर्च एका बऱ्या बुटांच्या जोडाएवढा.

जांभळ्या टी-शर्टची गोष्ट वेगळी. तो एम८चा जन्मजात दोष आहे. या कॅमेऱ्यात लेन्सचं मागचं टोक सेन्सरच्या खूप जवळ येतं आणि कडेचे किरण तिरके पडतात. जाड काच लावली तर कडा पुसट होतात, म्हणून सेन्सरवरची इन्फ्रारेड अडवणारी काच पातळ ठेवली गेली. परिणाम असा, की डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश आत शिरतो आणि सिंथेटिक काळं कापड जांभळं दिसतं. तेव्हा लायकानं ग्राहकांना लेन्सवर लावायचे दोन खास फिल्टर फुकट दिले होते. मामाचा फिल्टर कुठे होता माहितीये? त्याच्याच कपाटात, डबीत!

राहिला तिसरा गठ्ठा, हललेल्या फोटोंचा. इथे मात्र कॅमेरा खरंच कमी पडत होता. एम८वर मी आयएसओ ६४०च्या पुढे गेले की फोटोत वाळू सांडल्यासारखी दिसते. आजचे कॅमेरे ६४०० आरामात पेलतात. हा दहापट फरक आहे. सोपं गणित : बाजारात ६४०ला मला १/८ सेकंद शटर लागत होतं. ६४००ला तेच १/८० झालं असतं. १/८ला पाटी घेऊन चालणारा माणूस फराटा होतो, १/८०ला तो बऱ्यापैकी थांबतो.

म्हणजे तीनपैकी दोन दुखणी दुरुस्तीची आणि माझ्या आळसाची. अपग्रेडनं बरं होणारं दुखणं एकच.

नवीन घेतला तर काय मिळतं?

मग यादी काढली. २००९चा एम९ : १८ मेगापिक्सेल, फिल्मच्या फ्रेमएवढा सेन्सर. पण त्याच्या सेन्सरवरची काच गंजल्यासारखी खराब होते, ही त्याची बदनामी. कंपनी बराच काळ सेन्सर बदलून देत होती. पुढे त्या सेन्सरचा साठा संपला. सेकंडहँड एम९ कुणी स्वस्तात देत असेल तर सेन्सर बदललेला आहे का, हा पहिला प्रश्न. मग एम टाइप २४० : २४ मेगापिक्सेल, लाइव्ह व्ह्यू, व्हिडिओसुद्धा. २०१७चा एम१० : पुन्हा सडपातळ झाला आणि अंधारातही सुधारला. २०२२चा एम११ : ६० मेगापिक्सेल आणि तळ उघडायची कटकट एकदाची संपली. किंमत मात्र लाखांत. तो टॅब मी लगेच बंद केला.

आणि मेगापिक्सेलचं म्हणाल तर जरा थांबा. एम८चा फोटो ३९३६ पिक्सेल रुंद असतो. वर्तमानपत्राच्या छपाईला साधारण २०० डीपीआय पुरतं. भागाकार करा : जवळजवळ २० इंच. तुम्ही आत्ता हातात धरलेल्या पानाच्या रुंदीपेक्षा जास्त! म्हणजे माझा फोटो मेगापिक्सेल कमी म्हणून नाकारला गेला नव्हता.

'पण मोठमोठ्यांनी जुन्या कॅमेऱ्यांवरच फोटो काढले ना?' असं आमच्या ग्रुपमध्ये कुणीतरी म्हणतंच. खरंय. ३० जानेवारी १९४८च्या रात्री बिर्ला हाउसच्या फाटकापाशी गांधीजी गेल्याचं सांगणाऱ्या नेहरूंचा फोटो आँरी कार्तिए-ब्रेसाँनं काढला. तो अंधुक आहे, हललेला आहे आणि तरीही विसरता येत नाही. पण त्याच्या हातातला कॅमेरा त्या काळी सगळ्यात चपळ कॅमेऱ्यांपैकी एक होता, हे आपण सोयीस्कर विसरतो. माझे फोटो हललेले होते म्हणून काही ऐतिहासिक होत नाहीत!

एक दिवस भाड्याचा

विकत घेण्याआधी भाड्यानं घ्या, हा या सगळ्यातला माझा सगळ्यात आवडता सल्ला. मी एका दिवसासाठी फुल-फ्रेम मिररलेस भाड्यानं घेतला आणि दोन्ही कॅमेरे घेऊन पुन्हा फूलबाजारात गेले. प्रामाणिकपणे सांगते, साडेचार ते साडेसहा नव्या कॅमेऱ्यानं जुन्याला धुतलं. चेहरे धारदार, पाण्याचे थेंबसुद्धा थांबलेले. पण उजाडलं आणि पारडं फिरलं. नव्यावर मी धडाधड शटर मारत होते. एम८वर थांबून बघत होते. सातच्या उन्हात, फिल्टर लावून, गजरे ओवणाऱ्या एका मावशींचा फोटो काढला. झेंडूचा केशरी अगदी झेंडूसारखा. त्या दिवसातला माझा सगळ्यात चांगला फोटो तोच.

तर निर्णय काय? नवीन रेंजफाइंडर घेत नाहीये. एम८ विकतही नाहीये. रात्रीचं काम असेल तेव्हा कॅमेरा भाड्यानं. फी भरून झाली की हळूहळू पैसे साठवून सेकंडहँड मिररलेस. गंमत म्हणजे साध्या अडॅप्टरनं मामाची लेन्स त्यालाही बसते. लायकाची ही माउंट १९५४ सालापासूनची आहे. बॉडी येतात-जातात, लेन्स टिकते. तेव्हा पैसे कुठे घालायचे हे तुम्हीच ठरवा.

तुमच्या मनात अपग्रेडचा किडा वळवळत असेल तर आधी चार प्रश्न विचारा. फसलेल्या कामांपैकी किती या वस्तूमुळे फसली? दुरुस्ती केली तर किती बरी होतील? नव्या वस्तूनं नेमकं कुठलं काम जमेल, जे आज जमत नाही? आणि ते पैसे दुसऱ्या कशासाठी ठेवलेत? चौथ्या प्रश्नाशी मी सगळ्यात जास्त वेळ अडले होते.

मामाला फोन करून सांगितलं, "नाही विकत." तो म्हणाला, "बरं." मग थोडा वेळ गप्प बसला आणि विचारलं, "तो मावशींचा फोटो पाठव ना जरा."

वाईट नाही वाटणार म्हणे!