चूक सांगायची कशी? राळेगणसिद्धीच्या गोष्टीत मॅनेजरसाठी तीन धडे आणि एक इशारा

"तुमचं काम नीट होत नाहीये" हे हाताखालच्या माणसाला सांगणं बऱ्याच मॅनेजरना जड जातं. काही जण वाईटपणा नको म्हणून गप्प बसतात, काही जण सगळ्यांसमोर झापतात. काम दोन्हीत सुधारत नाही. मग सांगायचं कसं? यासाठी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी बघूया.

१. आधी विश्वास

अण्णा हजारे १९७५ साली सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतले. गावात पाण्याची टंचाई होती आणि दारूच्या भट्ट्या जोरात होत्या. गावाला उपदेश करण्याआधी त्यांनी स्वतःच्या पैशातून यादवबाबांचं मंदिर दुरुस्त केलं. हा माणूस आपल्यासाठी झटतोय हे दिसलं की त्याचं कडू बोलणंही ऐकलं जातं. एरवी कधी विचारपूस न करणाऱ्या मॅनेजरची सूचना मात्र टोमणाच वाटते.

२. नियम सगळ्यांचा

दारूबंदीचा निर्णय गावाने मंदिरात बसून घेतला. त्यानंतर तिसाहून अधिक भट्ट्या बंद झाल्या. पुढे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदानही असंच गावाने स्वीकारलं. ऑफिसातही कामाची अपेक्षा आधी मिळून ठरलेली असेल, तर चूक दाखवणं म्हणजे साहेबांची लहर वाटत नाही.

३. शिक्का नको

गावातल्या संत निळोबाराय विद्यालयाची ओळख म्हणजे तिथे इतरत्र नापास झालेल्या मुलांना आवर्जून प्रवेश दिला जातो. 'हा मुलगाच नापास' आणि 'याचं गणित कच्चं आहे' यात मोठा फरक आहे. पहिल्यात दार बंद होतं, दुसऱ्यात शिकवायला जागा उरते.

आणि इशारा

याच गावात, समजावूनही न ऐकणाऱ्या दारुड्यांना खांबाला बांधून फटके दिले गेले. आई मुलाला कडू औषध देते, तसंच हे आहे, असं अण्णांचं समर्थन होतं. पण त्यावर टीकाही बरीच झाली. धाकाने माणूस बदलतो की फक्त लपायला शिकतो, हा प्रश्न उरतोच. आज ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव घेऊन झापणं ही त्याचीच छोटी आवृत्ती आहे. असा अपमान झालेला माणूस पुढच्या वेळी चूक कबूल करत नाही, ती झाकतो.

मग बोलायचं काय?

"तुम्ही बेजबाबदार आहात" असं म्हणू नका. एकट्याला बसवून सांगा, "या महिन्यात रिपोर्ट दोनदा उशिरा आला, त्यामुळे बिलं अडकली. अडचण कुठे येतेय?" मग थांबा आणि ऐका. कदाचित रिपोर्टसाठी लागणारी माहितीच दुसऱ्या विभागाकडून उशिरा येत असेल. काय बदलायचं ते दोघांनी मिळून ठरवा, दोन आठवड्यांनंतरची तारीख पक्की करा आणि त्या दिवशी आठवणीने पुन्हा बसा. सुधारणा दिसली, तर तीही तितक्याच स्पष्टपणे सांगा.