जुन्या मोटारीचे अंतरंग

इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथील कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत ‘एम. जी. बी.’ ही खेळकर बांध्याची छोटी मोटार तयार होत असे. त्यांपैकी कित्येक गाड्या आजही धावतात. इंजिन शाबूत असले, तरी आतली आसने खचतात, आवरणे तडकतात व गालिचा कुजतो.

असे का होते? व्हिनाइलला लवचिकपणा देणारी द्रव्ये उन्हाने व काळाने निघून जातात आणि ते कडक होते. हवा व दमटपणा यांमुळे फोमचा भुगा होतो. त्याखालच्या रबरी पट्ट्या सैल पडल्या, की बसणारा खाली रुततो.

नवी आवरणे बाजारात मिळतात; म्हणून ती प्रथम चढविण्याचा मोह होतो. क्रम मात्र उलटा हवा. आधी आसने व गालिचा काढून तळाचा पत्रा तपासावा. छपराच्या फटींतून झिरपलेले पाणी गालिच्याच्या अस्तरात मुरते आणि पत्रा गंजतो. आसन याच तळाला बोल्टांनी जखडलेले असते. तो पोकळ झाला, तर अपघातात आसन उखडण्याचा धोका असतो.

पत्रा दुरुस्त झाल्यावर पट्ट्या, मग फोम, आणि शेवटी आवरण बसवावे. आवरण थोडा वेळ उबेत ठेवले, की मऊ होते व सुरकुत्या पडत नाहीत. जुने तुकडे काम पुरे होईपर्यंत जपून ठेवावेत. नव्यांची मापे व भोकांच्या जागा त्यांवरूनच कळतात.

शोभेचे काम थोडे लांबले तरी चालेल. तळाची तपासणी मात्र लांबवू नये.