खुशालीचा निरोप

जुन्या मराठी पत्रांत मायन्यानंतर एक वाक्य ठरलेले असे : येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लेखन करीत जावे. पुढचा मजकूर मोहिमेचा असो, वसुलीचा असो वा लग्नकार्याचा, क्षेमकुशल आधी. हा निव्वळ शिष्टाचार नव्हता. नदीला पूर आला किंवा जासूद वाटेत अडकला, की दूरच्या माणसाची वार्ता कळण्याचा दुसरा मार्गच नसे. त्यामुळे खुशालीच्या दोन ओळींचे मोल काय असते, हे त्या काळाला पुरते ठाऊक होते. तारायंत्र आले, टेलिफोन आला, पुढे तो प्रत्येकाच्या खिशात जाऊन बसला. आणि हे मोल हळूहळू विस्मरणात गेले. एखादे मोठे वादळ मात्र एका रात्रीत माणसाला पुन्हा त्या जुन्या काळात नेऊन सोडते.

२९ ऑगस्ट २००५ रोजी अमेरिकेच्या लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर आदळलेले ‘कॅटरिना’ हे असेच वादळ होते. समुद्रसपाटीच्या खाली वसलेल्या भागांचे रक्षण करणारे बांध आणि कालव्यांच्या भिंती फुटल्या आणि न्यू ऑर्लिन्स शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. प्राणहानीची आणि वित्तहानीची वर्णने जगभर छापून आली. परंतु आणखी एक हानी झाली होती, ती छायाचित्रात दिसणारी नव्हती. तीस लाखांहून अधिक दूरध्वनी बंद पडले होते. मोबाइल सेवेची सुमारे दोन हजार केंद्रे निकामी झाली होती. संकटात सापडलेल्याने ज्या क्रमांकावर मदत मागायची, तो घेणारी ३८ केंद्रेही मुकी झाली होती. इतकेच नव्हे, तर वादळाआधीच शहर सोडून शेकडो मैल दूर सुखरूप पोहोचलेल्यांशीही बोलता येईना. त्यांच्या खिशातल्या फोनचा क्रमांक न्यू ऑर्लिन्सचा होता आणि त्या क्रमांकांचा व्यवहार पाहणारी यंत्रणा बुडालेल्या शहरात अडकली होती. माणूस सुरक्षित होता. पण ‘मी सुरक्षित आहे’ हे सांगण्याची सोय बुडाली होती.

मुंबईकरांना ही अवस्था परकी वाटण्याचे कारण नाही. त्याआधी बरोबर ३४ दिवस, २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. लोकलगाड्या थांबल्या, फोन लागेनासे झाले, आणि कचेरीतून निघालेला माणूस कोठे आहे, शाळेतून सुटलेले मूल कोणाच्या आसऱ्याला आहे, या प्रश्नांवर हजारो घरांनी ती रात्र जागून काढली. त्या रात्री घरी बसलेल्यांच्या ताटात अन्न होते, पायाखाली कोरडी जमीन होती. तरी घास उतरत नव्हता. संकट जेथे कोसळते तेवढ्याच जागी ते नसते. बातमी जेथवर पोहोचत नाही, तेथवर ते पसरलेले असते.

जिवंतपणी श्रद्धांजली

न्यू ऑर्लिन्सच्या ‘लोअर नाइन्थ वॉर्ड’ या गरीब वस्तीत फॅट्स डॉमिनो राहत असत. ‘ब्लूबेरी हिल’ या गाण्यासाठी सर्वतोमुखी झालेले, रॉक अँड रोलच्या आद्य प्रवर्तकांत गणले जाणारे हे गायक-पियानोवादक. कीर्ती आणि पैसा मिळूनही त्यांनी आपली वस्ती सोडली नव्हती. वादळाच्या वेळी ते ७७ वर्षांचे होते. पत्नीची प्रकृती ठीक नसल्याने त्यांनी घर न सोडण्याचे ठरवले. वस्ती बुडाली आणि त्यांची काहीच वार्ता कळेना. १ सप्टेंबरला त्यांच्या व्यवस्थापकाने, वादळापासून त्यांच्याशी संपर्क झालेला नाही, असे जाहीर केले. ज्यांनी त्यांना कधी जवळून पाहिलेही नव्हते, तबकडीवरच्या आवाजापलीकडे ज्यांची त्यांच्याशी ओळख नव्हती, असे देशोदेशींचे रसिक घरातले माणूस हरवल्यासारखे अस्वस्थ झाले.

या अस्वस्थतेला खोटे म्हणता येणार नाही. भेट झालेली नसली तरी स्नेह असू शकतो, ही गोष्ट पत्रमैत्री जपणाऱ्या, एखाद्या लेखकाची वा गायकाची वर्षानुवर्षे सोबत केलेल्या वाचका-श्रोत्यांना सांगावी लागत नाही. पण याच काळजीने एक चूकही केली. कोणीतरी डॉमिनोंच्या घराच्या भिंतीवर रंगाने श्रद्धांजलीचा मजकूर लिहून टाकला. वस्तुतः त्यांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना पुरातून बाहेर काढण्यात आले होते. वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराने टिपलेल्या एका छायाचित्रात त्यांच्या कन्येने त्यांना ओळखले आणि जिवंत माणसाची श्रद्धांजली खोटी ठरली. त्यानंतर डॉमिनो आणखी बारा वर्षे जगले. २०१७ च्या ऑक्टोबरात त्यांचे निधन झाले.

हा प्रसंग पुढे गमतीने सांगितला गेला. परंतु त्याची दुसरी बाजू गमतीची नाही. त्याच आठवड्यात, निर्वासितांनी भरलेल्या ‘सुपरडोम’ या क्रीडागृहात खुनांचे सत्र चालू असल्याच्या वार्ता पसरल्या होत्या. त्या फार अतिरंजित होत्या, हे नंतर उघड झाले. मधल्या काळात मात्र त्या वार्तांनी मदत करणाऱ्यांच्या मनात भय आणि मदत मागणाऱ्यांविषयी संशय निर्माण केला होता. बातमीची जागा रिकामी राहिली की अफवा ती भरून काढते. आणि अफवा पसरवणाऱ्यांत दुष्ट माणसांपेक्षा धास्तावलेली भली माणसेच बहुधा अधिक असतात.

मौनाची शिस्त

मग दूर बसलेल्याने करायचे तरी काय? नुसते स्वस्थ राहायचे? या प्रश्नाचे एक उत्तर हौशी रेडिओचालकांच्या रीतीत सापडते. आपल्या घरच्या लहानशा यंत्रावरून जगभरच्या समव्यसनी मित्रांशी बोलणारी ही मंडळी. कित्येकांनी वीस-वीस वर्षांच्या मित्राचा चेहरा पाहिलेला नसतो; ओळख असते ती आवाजाची आणि परवान्यावरील खुणेच्या अक्षरांची. १९६५ मध्ये ‘बेट्सी’ हे वादळ आले असताना त्यांच्यापैकी काहींनी एकत्र येऊन वादळांवर लक्ष ठेवणारे एक जाळे उभारले. ते आजही चालू आहे. वादळाच्या टप्प्यात येणाऱ्या बेटांवरचे चालक वाऱ्याचा जोर, हवेचा दाब, झालेली पडझड कळवतात आणि ती माहिती मायामी येथील राष्ट्रीय वादळ केंद्राला दिली जाते.

या जाळ्याचा पहिला नियम बोलण्याचा नाही, ऐकण्याचा आहे. सूत्रधार सांगेल तेव्हाच बोलायचे. एरवी सर्वांनी गप्प राहायचे. कारण वादळात सापडलेल्या मित्राची तार तुटलेली असते, बॅटरी उतरत चाललेली असते. त्याचा आवाज क्षीण येणार, हे गृहीत धरलेले असते. शंभर मित्रांनी एकाच वेळी ‘तू कसा आहेस?’ म्हणून पुकारा केला, तर नेमके त्याचेच उत्तर कोणाला ऐकू जायचे नाही. काळजीपोटी पाळलेले हे मौन वरवर पाहता निष्क्रिय वाटते. प्रत्यक्षात ती फार मोठी सेवा असते.

‘कॅटरिना’च्या वेळी या शिस्तीचे फळ दिसले. पाण्याने वेढलेल्या एका घराच्या छतावर पंधरा जण अडकले होते. त्यांची खबर ओक्लाहोमा राज्यातील एका नातलगापर्यंत पोहोचली. पण न्यू ऑर्लिन्समधील कोणत्याही कचेरीचा फोन लागेना. टल्सा येथील रेडक्रॉसच्या रेडिओचालकाने तो निरोप हवेत सोडला. तो पश्चिमेला ऑरेगॉनमध्ये ऐकला गेला, तेथून युटाला गेला आणि अखेर लुइझियानातील बचावपथकाच्या हाती पडला. अर्धा देश ओलांडून निरोप जेथून निघाला होता तेथे परत आला आणि पंधरा जीव वाचले. या साखळीतील एकानेही त्या पंधरा जणांना कधी पाहिलेले नव्हते. प्रत्येकाने एवढेच केले, की जे ऐकले ते न वाढवता, न घटवता पुढे दिले.

नोंदीचे मोल

वैयक्तिक सद्भावनेला अशी व्यवस्थेची जोड लागते. ‘कॅटरिना’ आणि पाठोपाठ आलेले ‘रिटा’ या दोन वादळांत आईबापांपासून तुटलेल्या वा बेपत्ता झालेल्या ५,१९२ मुलांची नोंद अमेरिकेतील हरवलेल्या मुलांच्या राष्ट्रीय केंद्राकडे झाली. कोणाला आडनाव सांगता येत नव्हते, तर कोणाला बोलताच येत नव्हते. छायाचित्रे काढून, आश्रयस्थानांच्या याद्या ताडून, एकेक नाव जुळवत हे काम चालले आणि मार्च २००६ मध्ये शेवटच्या प्रकरणाचा उलगडा झाला. त्यात गाजावाजा नव्हता. होता तो कारकुनी चिकाटीचा, यादीवरून बोट फिरवण्याचा भाग. ज्या कामाला एरवी रुक्ष म्हणून हिणवले जाते, त्याच कामाने मुले घरी पोहोचवली.

उलट, नोंद झाली नाही तर काय होते, हे प्युएर्तो रिको बेटावर दिसले. २० सप्टेंबर २०१७ रोजी ‘मारिया’ वादळाने त्या बेटाची वीज संपूर्ण घालवली आणि मोबाइलची सुमारे ९५ टक्के केंद्रे बंद पाडली. मूळचे बेटावरचे असे पन्नास लाखांहून अधिक लोक अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आहेत. त्यांतील असंख्य जण दिवसचे दिवस आईबापांच्या आवाजासाठी ताटकळले. रेडक्रॉसच्या विनंतीवरून २२ हौशी रेडिओचालक तेथे गेले, तेही मुख्यतः वाचलेल्यांची नावे बाहेर पोहोचवण्यासाठी. मृतांचा सरकारी आकडा कित्येक महिने ६४ एवढाच राहिला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासाने वादळानंतरच्या सहा महिन्यांतील अधिकच्या मृत्यूंचा अंदाज २,९७५ असा दिला आणि तोच पुढे सरकारने स्वीकारला. तुटलेल्या संपर्काआड केवळ खुशाली दडत नाही, मृत्यूही दडतात.

तेव्हा खुशालीचा निरोप ही मदतकार्यानंतर सवडीने करायची गोष्ट आहे, हा समज सोडला पाहिजे. अन्न, पाणी, औषध यांच्याच पंक्तीला तिचे स्थान आहे. आश्रयस्थानात पाऊल टाकणाऱ्याचे नाव पहिल्या तासात नोंदले गेले, तर शेकडो मैलांवरच्या दहा जणांची वणवण थांबते. प्रत्येक कुटुंबाने, शाळेने, कचेरीने आपल्या गावाबाहेरचा एक माणूस आधीच ठरवून ठेवावा. संकटात सर्वांनी एकमेकांना शोधत न बसता त्या एकालाच कळवावे. बोलणे अशक्य होते तेथेही चार शब्दांचा लेखी संदेश पुष्कळदा जातो, हा ‘कॅटरिना’चाच अनुभव आहे. या खबरदारीला खर्च नाही. लागते ती थोडी दूरदृष्टी.

आणि दूर राहून वाट पाहणाऱ्याने? त्याने पुकारा आवरावा, ऐकीव ते पुढे ढकलू नये, आणि कान उघडे ठेवावे. मित्र कितीही लांबचा असो, त्याची भेट कधी झालेली असो वा नसो, त्याच्याकडून अखेर दोनच शब्द यायचे असतात : सर्व कुशल. ते शब्द क्षीण आवाजात आले तरी ऐकू यावेत एवढी शांतता राखणे, हेच त्या वेळी स्नेह्याचे काम असते.