मेघातील दप्तर आणि कुलपाची शिस्त



जिल्ह्याच्या कोषागारातील दुहेरी कुलपाची पद्धत आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. एक किल्ली कोषागार अधिकाऱ्याकडे, दुसरी खजिनदाराकडे. दोघे हजर असल्यावाचून तिजोरी उघडत नाही. यात कोणावर अविश्वास नाही. प्रामाणिक माणसावर उगाच आळ येऊ नये, हीही सोय त्यात आहे.

आता सरकारी दप्तर कापडी बासनातून निघून संगणकात गेले. २०१४ साली केंद्र सरकारने ‘मेघराज’ नावाचा आपला मेघ, म्हणजे ‘क्लाउड’, सुरू केला. हा मेघ आभाळात नसतो. दूरच्या बंदोबस्ताच्या इमारतीत संगणकांच्या रांगा असतात आणि अनेक खाती त्यांचा सामाईक उपयोग करतात. चावडीला एक दार होते. येथे दारे अनेक. अधिकाऱ्याचे दार वेगळे, नागरिकाचे वेगळे, दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाचे वेगळे, राखीव प्रतीचे आणखी वेगळे. पुढच्या दाराला भक्कम कुलूप आणि मागच्याला नुसती कडी, असे झाले तर चोर कोठून येईल हे सांगावयास नको.

म्हणूनच साल्टझर आणि श्रोडर या दोन शास्त्रज्ञांनी १९७५ साली दोन नियम सांगून ठेवले. प्रत्येकाला कामापुरताच अधिकार द्यावा. आणि प्रत्येक वस्तूला प्रत्येक वेळी हात लावताना तो अधिकार तपासावा. काल तपासला होता, ही सबब आज चालू नये.

आपल्या सातबाऱ्याचेच पाहा. पनवेलच्या जमिनीला आज सोन्याचे मोल आहे, तेव्हा एका नोंदीत घराण्याचे दैव उलटू शकते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने फेरफाराची नोंद तलाठ्याकडे, म्हणजे आजच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, दिली. पण ती प्रमाणित करण्याचे काम वरच्या अधिकाऱ्याकडे ठेवले, आणि मध्ये संबंधितांना नोटीस व हरकतीची संधी दिली. हेही दुहेरी कुलूपच! संगणकावर फेरफार आला, २०१८ साली अंकीय स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, तरी तत्त्व तेच राहिले पाहिजे.

समजा, एका तलाठ्याची बदली झाली. नव्या सजाचा अधिकार त्याला त्याच दिवशी मिळतो. परंतु जुन्याचा त्याच दिवशी, सर्व दारांवरून, सुटतो काय? एका यादीतून नाव गेले आणि दुसरीत राहिले, तर ती विसरलेली किल्ली कोणाच्याही हाती पडू शकते. अधिकाराची यादी एकच असावी आणि सर्व दारांनी तिलाच विचारावे, हे यावरचे उत्तर. साहेबांनी आपला परवलीचा शब्द कारकुनाला सांगितला, तर मात्र दुहेरी कुलपाच्या दोन्ही किल्ल्या एकाच खिशात गेल्या.

आतला माणूस काय करू शकतो, हे २०१३ साली अमेरिकेत दिसले. तेथील राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची गुप्त कागदपत्रे एडवर्ड स्नोडेन याने बाहेर आणली. तो यंत्रणा सांभाळणारा कंत्राटी कर्मचारी होता. त्याचे कृत्य योग्य की अयोग्य हा वाद बाजूस ठेवू. देखरेख करणाऱ्यावरही देखरेख हवी, हा धडा निर्विवाद आहे. आपल्याकडे २०२२ च्या केंद्रीय निर्देशांनुसार यंत्रणेच्या व्यवहारांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. पण त्या कोणी वाचल्याच नाहीत, तर पहारेकरी असून तो झोपलेला!

तात्पर्य, कुलूप किती मोठे यापेक्षा नियम सर्वांना सारखा लागतो का, हे महत्त्वाचे. फेरफाराची नोटीस आली तर ती बाजूला टाकू नका. वाचा, शंका असल्यास मुदतीत हरकत घ्या. त्या कुलपाची एक किल्ली कायद्याने आपल्याही हाती दिलेली आहे.