हद्द कायम

भूसंपादन हा शब्द नांदुरा तालुक्याला नवा नाही. पूर्णेवरच्या जिगाव प्रकल्पाने तो घरोघरी नेला. नोटीस, मोबदला, पुनर्वसन, वाढीव मोबदल्याचा दावा, हे सगळं इथल्या म्हाताऱ्यांनाही तोंडपाठ आहे. धरणाला जमीन लागते तेव्हा राज्य सरकार पाठीशी असतं. पण नगरपरिषदेला पोरांच्या खेळासाठी दोन एकर मोकळे ठेवायचे असतील, तर पैसाही तिनेच उभा करायचा आणि कागदही तिनेच वेळेत हलवायचा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही लहान गावाची हीच गत आहे.

सुरुवात विकास आराखड्यापासून होते. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की नकाशा लोकांसमोर येतो आणि हरकती-सूचनांसाठी 30 दिवसांची मुदत सुरू होते. बगीचा, क्रीडांगण अशी आरक्षणं त्यावर हिरव्या रंगात दिसतात. लोक येतात, बोट फिरवत आपला गट नंबर शोधतात आणि तो रंगात सापडला की वकील गाठतात. ज्यांच्या पोरांना ते मैदान मिळणार, त्यांच्यापैकी ‘हे आरक्षण राहू द्या’ असं लिहून द्यायला सहसा कोणी येत नाही. सुनावणीत एकच बाजू बोलते, आणि नकाशावरचा हिरवा रंग तिथूनच कमी होऊ लागतो.

मंजूर आराखड्यात आरक्षण टिकलं तरी जमीन गावाची होत नाही. 10 वर्षांत ती घेतली नाही, तर कलम 127 खाली मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतरची मुदत आधी 6 महिने होती, मग 12 झाली, 2015 च्या दुरुस्तीनंतर 24 महिने आहे. तेवढ्यात संपादनाचं पाऊल पडलं नाही, तर आरक्षण रद्द. सभागृहात ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव धाडला, एवढ्याने ते पाऊल पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सांगून टाकलं. मालकाचंही मला चुकीचं वाटत नाही. ज्या शेतावर ना घर बांधता येतं, ना ते धड विकता येतं, असं शेत किती वर्षं सांभाळायचं?

पैशाचं गणित अवघड आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावावर 100 टक्के दिलासा रक्कम आहे. म्हणजे शहरी हद्दीत जमीन निदान दुप्पट भावाला पडते. रोख नको असेल तर टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे जादा बांधकाम करण्याचा हक्क. पुण्या-मुंबईत त्याला गिऱ्हाईक आहे. जिथे बहुतेक घरं एकदोन मजल्यांची, तिथे जादा मजल्याचा हक्क विकत घेणार कोण?

म्हणून नांदुऱ्यासारख्या गावात मोकळी जमीन राखायची खरी जागा लेआउटात आहे. डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात 10 टक्के जागा खुली सोडावी लागते. एकर म्हणजे 4,047 चौरस मीटर. चार एकरांच्या लेआउटात सोळाशे चौरस मीटरचं मैदान एक रुपयाही न देता मिळतं. अशा खुल्या जागेला सगळे ‘ओपन स्पेस’ म्हणतात. मंजूर नकाशात ती असते; जमिनीवर तिची हद्द कुणाला ठाऊक नसते.

अशा एका जागेची ‘हद्द कायम’ मोजणी मी उभं राहून पाहिली. रहिवाशांनी पाठपुरावा करून ती मंजूर करून घेतली होती. लगतधारकांना आधी नोटिसा गेल्या होत्या, तरी निम्मे आलेच नाहीत. पूर्वी साखळी आणि फलक घेऊन दिवस दिवस चालणारं काम आता रोव्हरवर होतं. काठीच्या टोकाला अँटेना, भूकरमापकाच्या हातात टॅबलेट. आधी कोपऱ्यातला जुना दगड शोधला. तो बाभळीच्या मुळाशी काळ्या मातीत अर्धा गाडला गेला होता. तिथून बिंदू घेत गेले, खुंट्या ठोकल्या आणि फक्कीची रेघ पडू लागली. रेघ एका घराच्या ओट्यावरून गेली, दुसऱ्याच्या शौचालयाची टाकी तिने आत घेतली आणि विटांच्या ढिगाचे दोन भाग केले.

“पंधरा वर्स झाले, कोनं काई म्हनलं नाई. आजच कशी याद आली?” ओट्याचा मालक म्हणाला. समोरच्या घरातल्या आजी पदर खोचून पुढे आल्या. “भाऊ, पोरायले खेळाले जागा त पायजे ना,” एवढंच बोलल्या. पंचनाम्यावर सही करताना त्या मालकाने मान वर केली नाही, पण सही केली.

मोजणीनंतर ‘क’ प्रत मिळते. त्या नकाशात हद्द, वहिवाट आणि अतिक्रमण वेगवेगळं दाखवलेलं असतं. माझ्या मते कुंपणाच्या भिंतीपेक्षा हा कागद मोलाचा. कारण मोकळ्या जागेवर सगळ्यांची नजर असते आणि मागण्या चांगल्या कारणांनी येतात: सभामंडप, मंदिर, वाचनालय. सार्वजनिक जागेत नवं प्रार्थनास्थळ नको, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश 2009 चा. बगिच्याच्या जागी खासगी रुग्णालयही नको, हा बंगळूरच्या प्रकरणातला निकाल 1991 चा. रुग्णालय वाईट म्हणून तो निकाल लागला नव्हता. बगिच्याची जागा खासगी रुग्णालय भरून काढू शकत नाही, म्हणून लागला होता.

गावाबाहेर पडलं की ई-क्लास लागतो. बाकी महाराष्ट्र ज्याला गायरान म्हणतो, त्याला विदर्भात आपण हेच म्हणतो. गुरांच्या चराईची, सगळ्या गावाच्या वापराची सरकारी जमीन. जमीन महसूल संहितेत विदर्भापुरतं वेगळं प्रकरण आहे. कोणत्या गावाला चराई, सरपण, माती कुठून घेता येईल, हे निस्तारपत्रकात लिहून ठेवायचं, असं त्यात सांगितलं आहे. जानेवारी 2011 मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याच्या योजना करा, असं सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना बजावलं, आणि त्याच वर्षी 12 जुलैला महाराष्ट्राचा शासन निर्णय निघाला. तरी 2022 मध्ये उच्च न्यायालयासमोर आलेला अतिक्रमणांचा आकडा 2 लाखांहून मोठा होता.

या आकड्यात सगळे एका पंगतीतले नाहीत, हे सांगायलाच हवं. 1964 च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांनी मागितली होती ती अशीच जमीन. 14 एप्रिल 1990 पर्यंत ती कसणाऱ्या भूमिहीनांची अतिक्रमणं नियमानुकूल करायचं सरकारने ठरवलं. दोन एकर ज्वारीवर घर चालवणारा भूमिहीन आणि रस्त्याकडेला ढाबा टाकून पुढे प्लॉट पाडणारा यांना एकाच नोटिशीत बसवणं मला मान्य नाही. अतिक्रमणांची नोंद गाव नमुना 1-ई मध्ये होते. तलाठ्याकडे जाऊन ती नोंदवही पाहिली, की कोण कधी बसला ते कळतं.

गाव वाढून ई-क्लासला भिडतं तेव्हा तीच गावाजवळची सर्वांत मोठी मोकळी जमीन असते, आणि तिला मोबदला लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे वेळेत मागणी करून आराखड्यात ती मोकळी म्हणूनच दाखवावी लागते. उशीर झाला, की तिथे एखादं कार्यालय किंवा गोदाम मंजूर झालेलं असतं.

मोजणी झालेल्या त्या लेआउटातल्या रहिवाशांपुढे आता दोन कामं आहेत. ‘क’ प्रत जोडून नगरपरिषदेच्या मालमत्ता नोंदवहीत खुल्या जागेची नोंद आहे का ते तपासायचं, आणि चारही हद्दींना झाडं लावायची. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी सगळ्या रोपांना मानवत नाही, म्हणून कडुनिंब आणि करंज ठरले. पावसाळ्याआधी खड्डे घ्यायचे आहेत, फक्कीच्या रेघेच्या हातभर आत.